मी भारताला एक तास मागे नेलं

खरं सांगू? आपल्याला घड्याळ कळतं, असा माझा चांगला चाळीस-बेचाळीस वर्षं समज होता. त्यात न कळण्यासारखं असतं तरी काय हो? दोन काटे, बारा आकडे. पहिलीतली पोरं शिकतात. आणि मी तर बी.एस्सी. झालेली, नेपरव्हिलच्या लायब्ररीत नोकरी करणारी, बर्फात गाडी ड्राइव्ह करणारी बाई! तर या बाईने काय करावं? चहाचा कप खाली ठेवा आधी, ठसका लागेल. या बाईने अख्खा भारत देश एक तास मागे नेला. तेव्हाच्या सत्तर कोटी माणसांसकट.

हसा, हसा. मीही हे सांगायला लागते तेव्हा हसतच लागते. मधे कुठेतरी गाडी अडकते.

त्या वर्षी माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मामंजी गेल्यावर वर्ध्याचं घर बंद केलं आणि आमच्या ह्यांनी त्यांना इकडे आणलं. ‘कायमच्या’ हा शब्द आमचा. सासूबाई म्हणायच्या, "बघू, थंडी कशी जाते ते." सत्तरी ओलांडलेली, जुना डायबेटिस, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण बाई खणखणीत. सगळी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. वाण्याने हिशेब करायच्या आत यांचा झालेला असायचा. इथे ग्रोसरीच्या दुकानात कॅशियर मुलगी मशीनवर बटणं दाबत असायची, आणि सासूबाई मागून मला मराठीत बेरीज सांगायच्या. टॅक्ससकट!

त्यांच्यासोबत एक घड्याळ आलं होतं. छोटंसं, गजराचं, चामड्याच्या डबीत मिटणारं. रिटायर होताना शाळेने दिलेलं. ते त्यांच्या खोलीत देवांशेजारी उभं असायचं आणि भारताची वेळ दाखवायचं.

"आई, इकडची वेळ लावून देऊ का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"कशाला? मला कळतं की इकडची वेळ. यात दीड तास मिळवायचा आणि संध्याकाळची सकाळ करायची. झालं."

"पण सरळ बघायला बरं पडेल ना?"

"असू दे गं. आत्ता नागपूरला प्रभा उठली असेल, आत्ता तिच्याकडे दूधवाला आला असेल, हे कळतं मला त्याच्यात." प्रभा म्हणजे माझी नणंद.

ती दीड तासाची भानगड मी एकदा समजून घ्यायला गेले. पाच मिनिटांनी डोकं दुखायला लागलं, तेव्हा सोडून दिलं. घरात आई आणि हे असे गणिताचे दोन जण असताना तिसऱ्याने कशाला लुडबुड करावी?

आता इथला तो प्रकार तुम्हाला माहीतच आहे. वसंतात घड्याळं एक तास पुढे, आणि ऑक्टोबर संपता संपता परत एक तास मागे. त्या एप्रिलमध्ये मी ते साफ विसरले होते आणि एका मुंजीला आम्ही पोचलो तेव्हा मंडळी मठ्ठा पीत होती. सगळ्यांनी इतकं हसून घेतलं, की मी मनाशी पक्कं केलं, की ऑक्टोबरमध्ये आपल्या घरात एकही काटा चुकणार नाही.

आणि नाही चुकू दिला! शनिवारी रात्रीची जेवणं झाली, आणि मी पदर खोचून निघाले. स्वयंपाकघरातलं घड्याळ, स्टोव्हवरचं, बेडरूममधलं, आमच्या लेकीचं, मीनलचं गुलाबी, गॅरेजमध्ये जाऊन गाडीतलं, ह्यांच्या हातातलं काढून घेऊन तेही. आणि मग सासूबाईंच्या खोलीत जाऊन देवांशेजारचं. एक तास मागे. वर हात जोडून देवाला नमस्कार. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला उद्या सकाळी गोंधळ नको.

त्याच वेळी जेवणाच्या टेबलावर आमचे हे आपल्या आईला सांगत होते, "आई, उद्यापासून दीड नाही हं, अर्धाच तास मिळवायचा. इकडची वेळ बदलते."

"अर्धा. ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. एकदा ऐकलं की झालं, विसरायच्या नाहीत.

आलं लक्षात? अहो, भारतातली घड्याळं कशाला बदलतील? बदलतात ती आपली. म्हणून मिळवायचं ते बदलायचं, त्या घड्याळाला बोट लावायचं नाही. तुम्हाला बसल्या जागी कळलं बघा. मला कळायला महिना लागला, आणि एक डॉक्टर.

तर सोमवारपासून माझ्या सासूबाई सगळ्या जगाच्या एक तास मागे चालायला लागल्या.

आधी त्यांचा नेम काय होता, तर मीनलची पिवळी बस कोपऱ्यावर दिसायच्या आत या खिडकीत उभ्या. हातात बशी, बशीत गरम शिरा नाहीतर थालीपीठ. त्या सोमवारी मीनल बेल वाजवून वाजवून थकली, तेव्हा सासूबाई दुपारच्या झोपेतून उठून आल्या.

"अगं बाई! आज लवकर सुटली शाळा?"

"नो आजी, सेम टाइम."

मंगळवारी परत. "आजपण लवकर?"

"आजी, इट्स द सेम टाइम!"

शेवटी एक दिवस मीनल माझ्याकडे आली. अकरा वर्षांची पोर, पण चेहरा एकदम नर्ससारखा. "मॉम, आजी रोज तेच विचारते. इज शी ओके?"

मीसुद्धा बघत होतेच ना! सकाळी हे ट्रेनला निघायच्या आधी मायलेकांचा चहा व्हायचा. रोजचा. आता सासूबाई खाली यायच्या तेव्हा हे केव्हाच गेलेले असायचे.

"विनू गेला? मला न सांगता?"

"आई, त्यांची नेहमीचीच गाडी."

"पण आत्ता तर साडेसहा होतायत."

"साडेसात झाले, आई."

ह्यांचा उष्टा कप सिंकमध्ये होता, तो त्यांनी घेतला आणि धुवायला लागल्या.

एकदा तर सूर्यावरच शंका! बाहेर अंधारून आलं तशा म्हणाल्या, "सुनंदा, अगं साडेतीनला कुठे दिवेलागण होते का?"

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "आई, इथे थंडीत असंच असतं."

म्हणजे बघा हं. खुद्द सूर्यनारायण त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभा होता, आणि मी त्यालाही गप्प बसवला!

शनिवारी संध्याकाळी त्यांचा प्रभाताईंना फोन असायचा. तिकडे रविवारची सकाळ. प्रभाताईंकडे फोन नव्हता, त्या आठ वाजता शेजाऱ्यांकडे येऊन बसायच्या. त्या शनिवारी शेजारी म्हणाले, "आत्तापर्यंत थांबल्या होत्या, नुकत्याच गेल्या." पुढच्या शनिवारीही तेच. सासूबाईंनी फोन खाली ठेवला आणि नुसत्या म्हणाल्या, "प्रभाला कामं असतात."

मी ह्यांना म्हटलं, "अहो, आईंचं काही खरं नाही. त्यांना वेळेचं भान राहत नाहीये."

"तिचं घड्याळ बघितलंस का?" हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"घड्याळाला काय धाड भरलीय? मी स्वतः लावलंय ते!"

ह्यांनी पेपरचं पान उलटलं. आमच्या घरात मी ‘स्वतः’ म्हटलं की हे गप्प बसतात. संसारातली शांतता अशीच राखली जाते, आणि सत्यानाशही असाच होतो.

तरी मी एकदा त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं, नाही असं नाही. दुपारचे दोन वाजले होते, सुट्टी होती मला.

"आई, किती वाजले सांगा बरं?"

त्यांनी घड्याळ हातात घेतलं, मला दाखवलं. "हे बघ, साडेबारा. अर्धा मिळवला की एक. एक वाजला."

मी तो साडेबारा बघितला. तो अर्धा मिळवला. दिसायला सगळं इतकं बरोबर दिसत होतं, की मला रडूच फुटायला आलं. आणि मी कशी मान डोलवली माहितीये? आजारी माणसाकडे बघून डोलवतो ना आपण? "हो हो, आई, बरोबर" म्हणून? तशी.

त्यांनी ती मान बघितली. बाईंनी पस्तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेले. त्यांना न कळायला काय झालं?

मग मी फोन केला आमच्या मंडळातल्या मंगलला. ही मंगल म्हणजे कुठलाही आजार तिच्या ओळखीतल्या कुणाला तरी होऊन गेलेला असतो.

"अगं, ही सुरुवात असते!" मंगल म्हणाली. "माझ्या मावससासूचं असंच झालं. आधी वेळ जाते, मग वार जातो, मग माणसं. तू पहिलं काम काय कर, स्टोव्हची बटणं काढून घे."

"बटणं?"

"हो, ओढली की निघतात. एकट्या असतात ना दिवसभर? उद्या शेगडी चालू ठेवून झोपल्या म्हणजे? आणि दारांवर चिठ्ठ्या लाव. हे बाथरूम, हे कपाट. आणि गोळ्या त्यांच्यावर सोडू नकोस गं, तू फोन करून घ्यायला लाव."

मी सगळं केलं. कशी गुणाची सून! स्टोव्हची चार बटणं ओढून काढली आणि पर्समध्ये टाकली. सासूबाईंना सांगितलं, स्टोव्ह बिघडलाय, दुरुस्तीला माणूस येणार आहे. तो माणूस काही येईना. मीनलचा शिरा बंद झाला. मी सकाळी भाजी-पोळी करून झाकून जायचे, आणि बरोबर बाराला लायब्ररीतून फोन करायचे.

"आई, गोळी घ्या. डायबेटिसची, पांढरी."

"आत्ताच? जेवायला वेळ आहे अजून."

"घ्या हो. डॉक्टरांनी बाराची सांगितलीय ना? मी फोनवर थांबते."

बिचाऱ्या घ्यायच्या. गोळी बाराला, माझ्या घड्याळाने, आणि जेवण साडेबाराला, ते त्यांच्या घड्याळाने. मधे तासभर जास्तीचा जायचा. त्यात त्यांना घाम फुटायचा, हात कापायला लागायचे. एकदा मी लवकर घरी आले तर त्या खुर्चीत पांढऱ्याफटक बसलेल्या, बोटांतून घास सुटतोय.

आणि मी कपाळावर हात मारून मंगलला फोन केला, "आता हातपण कापायला लागले गं!"

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" मंगल म्हणाली.

दारांवर चिठ्ठ्या लावल्या त्याची तर वेगळीच मजा. सुवाच्य अक्षरात लिहिल्या मी. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक चिठ्ठीत लाल पेनाने माझं शुद्धलेखन तपासलेलं! ‘कपाट’ला बरोबरची खूण. एवढ्यावरून तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? छे! मी म्हटलं, बघा, जुन्या सवयी तेवढ्या शेवटपर्यंत टिकतात म्हणे.

मग त्या पुटपुटायला लागल्या.

मी त्यांच्या खोलीवरून गेले की आतून आवाज यायचा. हळू, एका सुरात. मी दाराशी थांबून ऐकलं. "मीनल. विनायक. सुनंदा. प्रभा. आज गुरुवार." मग जरा थांबून, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस..." असा सगळा पाढा. मग परत, "मीनल. विनायक. सुनंदा."

मला वाटलं, झालं. आता हेही सुरू झालं.

अहो, त्या स्वतःची परीक्षा घेत होत्या हो! आपलं सगळं जागेवर आहे ना, ते रोज तपासून बघत होत्या. हे मला तेव्हा कळलं नाही. ही ती जागा, जिथे माझी गाडी अडकते. द्या तो चहा इकडे.

त्या रविवारी सासूबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. हात मांडीवर घट्ट धरलेले.

"विनू, माझं परतीचं तिकीट काढ."

"आई! का?"

"मलाच कळेनासं झालंय रे. रोज काहीतरी चुकतंय. घड्याळ बघते, गणित करते, बरोबर येतं. आणि बाहेर येऊन बघावं तर सगळे माझ्या पुढे गेलेले असतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही दिवसभर कामावर, जीव माझ्यात. पोर माझ्याकडे घाबरून बघते. मी नागपूरला प्रभाकडे जाते. तिथे निदान वेडं म्हटलं तरी मराठीत म्हणतील."

ह्यांचा चेहरा बघवेना. प्रभाताईंच्या दोन खोल्या, त्यात त्यांची चार माणसं. डायबेटिसची म्हातारी तिथे कुठे झोपणार? पण सासूबाईंनी ठरवलं की ठरवलं.

हे म्हणाले, "एकदा डॉक्टरांना दाखवू, आई. मग बोलू."

मला वाटलं, डॉक्टर एकदा आजाराचं नाव सांगतील, म्हणजे मग आपल्याला नीट सेवा करता येईल. सेवा करायला मी अगदी टपून बसले होते.

डॉक्टर म्हणजे उंच, पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा गृहस्थ. मी सुट्टी काढून सासूबाईंना घेऊन गेले. त्या निघायलाच तयार नव्हत्या, "अजून तास आहे की!" म्हणत होत्या. घाईघाईने उठवल्या, तर म्हणाल्या, "थांब, घड्याळ घेते." आणि घेतलं, रुमालात गुंडाळून पिशवीत.

तिथे पहिली शोभा मी केली. इन्शुरन्सचं कार्ड काढायला पर्स पालथी केली, आणि स्टोव्हची चारही बटणं टपाटपा डॉक्टरांच्या टेबलावर!

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी घाईघाईने बटणं गोळा करायला लागले. सासूबाईंनी एक बटण उचललं. उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. आणि माझ्या हातात परत दिलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं हो.

मग परीक्षा सुरू झाली. डॉक्टर विचारणार, मी मराठीत सांगणार, सासूबाई उत्तर देणार, मी ते इंग्लिशमध्ये करणार. आज वार कोणता? बरोबर. गाव कोणतं? बरोबर, वर काउंटीसकट. आता शंभरातून सात वजा करत खाली या.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न..." गाडी सुटली! आणि मी मागून धावतेय. "नाइन्टी थ्री, एटी सिक्स, अं... सिक्स्टी नाइन..."

"सेव्हन्टी नाइन?" डॉक्टर म्हणाले.

"हां, तेच."

तोवर सासूबाई दोनला पोचल्या होत्या. "विचार त्यांना, पुढे उणे संख्या सांगू का?"

मी विचारलं. डॉक्टर नको म्हणाले, आणि काहीतरी लिहून घेतलं. लिहिताना बघत मात्र माझ्याकडे होते.

"आता किती वाजले असतील, असं विचारा."

मी मनात म्हटलं, आता कळेल यांना. सासूबाईंनी रुमाल सोडला, डबी उघडली, घड्याळ टेबलावर मांडलं. "साडेनऊ. अधिक अर्धा, दहा. दहा वाजले."

डॉक्टरांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. अकरा. त्यांनी ते छोटं घड्याळ जवळ ओढलं आणि सगळं नीट विचारून घेतलं, ही वेळ कुठली, अर्धा कशाचा, आधी किती मिळवायच्या. मी सांगत गेले. त्यांनी कागदावर दोन रेघा मारल्या.

"गंमत आहे," ते म्हणाले. "गणित अचूक आहे. रोज काय काय चुकतं त्यांचं, सांगा बरं."

मी सगळं सांगितलं. मुलीची बस, नवऱ्याची ट्रेन, दिवेलागण, जेवण.

"म्हणजे दर वेळी बरोबर एक तास. विसरणारं माणूस इतकं शिस्तीत चुकत नाही हो." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला एक सांगा, आपण गेल्या महिन्यात घड्याळं मागे केली. तेव्हा भारतातही केली का?"

"छे, छे!" मी अभिमानाने म्हटलं. "इंडियामध्ये असलं काही नसतं, डॉक्टर. तिथली घड्याळं आम्ही कधीच..."

आणि ते वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

तो शनिवार माझ्या डोळ्यांपुढून सरकत गेला. खोचलेला पदर. देवांशेजारचं घड्याळ. वर तो नमस्कार!

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "त्यांना विचारा, या घड्याळाला कुणी हात लावला होता का?"

आता हेही भाषांतर मीच करायचं! दुसरं कोण होतं तिथे?

"आई," मी म्हटलं, "डॉक्टर विचारतायत, या घड्याळाला कुणी... हात लावला होता का."

"मी तर नाही लावला," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाल्या, "हं."

बस, तेवढंच. त्या एका ‘हं’चं मी इंग्लिश केलं नाही. डॉक्टरांना गरज पडली नाही.

मग डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. आवाज चढला नाही, पण हसलेही नाहीत. यांचं डोकं उत्तम आहे. हात कापत होते, घाम येत होता, ते साखर खाली जात होती म्हणून. गोळी पोटात गेली आणि जेवण वेळेवर आलं नाही, की असं होतं. या वयात तर हे फार वाईट. एखाद्या दिवशी घरात कुणी नसताना पडल्या असत्या तर? घड्याळं बदलतात त्या आठवड्यात गोळ्या आणि जेवण यांची सांगड आधी घाला, बाकी घड्याळं मागाहून लावलीत तरी चालतील.

मी मान खाली घालून "येस डॉक्टर, येस डॉक्टर" म्हणत होते. बटणं माझ्या मुठीतच होती.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. गाडीत बसलो. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरची काच पांढरी होत चाललेली. शेजारी सासूबाईंनी डबी उघडली, मागची चावी फिरवून काटा एक तास पुढे घेतला, कानाला लावून बघितलं आणि डबी मिटली. मी त्यांचं स्वयंपाकघर काढून घेतलं होतं. लेकाबरोबरचा चहा, नातीची बशी, लेकीचा फोन, सगळं. आणि सगळ्यात वाईट काय, तर त्यांचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला होता. तेही किती मायेने!

"आई," मी म्हटलं, आणि मग जे काय रडायला सुटले! नाक, डोळे, सगळं एक. "आई, मीच ते घड्याळ मागे केलं. मीच. आणि वर तुम्हालाच... महिनाभर... आई, मला बोला तरी काहीतरी."

त्यांनी रुमाल तेवढा माझ्याकडे केला.

"आणि ते तिकीट... जाऊ नका ना, आई. खरंच जाऊ नका."

सासूबाईंनी सीटबेल्ट ओढला, नीट खटका लागेपर्यंत लावला, पदर सारखा केला. मग समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाल्या,

"नाही जात. तुझी अशी अवस्था असताना तुला सोडून कशी जाऊ?"